शहराची वही कोण लिहितो?

सकाळच्या गर्दीच्या वेळी अंबरनाथ स्थानकात बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्येही माणसे धावत चढतात. बदलापूरला त्यांचे काही काम नसते. तीच गाडी बदलापूरहून उलटी फिरून मुंबईकडे निघते, आणि बसायला जागा मिळावी म्हणून ही माणसे आधी डाऊनला जाऊन रिटर्न येतात. सीएसएमटीपर्यंतचे साठेक किलोमीटर उभ्याने काढायचे की बसून, यावर ज्यांचा पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो, त्यांनी आपली आपण काढलेली ही वाट आहे. समजा, उद्या फलाटावर कॅमेरे लागले आणि त्यांना गर्दी मोजणारी एआय प्रणाली जोडली. ती काय नोंदवेल? सकाळी अंबरनाथहून बदलापूरला जाणारे प्रवासी इतके. आकडा बिनचूक असेल, त्याचा अर्थ मात्र पार उलटा असेल. त्या आकड्यावर पुढचे वेळापत्रक बेतले, तर ज्यांच्या हालांतून तो आकडा निघाला त्यांचेच हाल वाढतील.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शहरांचे भवितव्य हा विषय निघाला की आपल्याकडे सिंगापूर, बार्सिलोना आणि फार तर बंगळुरूची नावे घेतली जातात. स्वतःहून बदलणारे सिग्नल, रिकामी पार्किंगची जागा दाखवणारे ॲप, भिंतभर पडद्यांचा नियंत्रण कक्ष. मला हा प्रश्न अंबरनाथ पश्चिमेत, विम्को नाक्यावर उभे राहून विचारावासा वाटतो. कारण येत्या वीस-पंचवीस वर्षांत भारताची शहरे बहुतांशी अशाच ठिकाणी वाढणार आहेत: महानगराच्या रेल्वेमार्गावरची शेवटची स्थानके, जिथे घर परवडते आणि बाकी सगळे आपले आपण जमवावे लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेतल्या शंभर शहरांत आमच्या शेजारचे कल्याण-डोंबिवली आले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आले नाहीत. आमच्याकडे यंत्राची बुद्धी मोठ्या समारंभाने येणार नाही. करवसुलीच्या सर्वेक्षणातून, पोलिसांच्या कॅमेऱ्यांतून, बँकेच्या कर्जमंजुरीतून, नकाशाच्या ॲपमधून ती हळूहळू, न सांगता येईल. खरे तर यायला लागली आहे.

ही यंत्रे शहर पाहत नाहीत. शहराविषयी जे कुठे तरी नोंदले गेले आहे, त्यावर ती शिकतात. मग आमची नोंद कशी आहे? २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर होती, बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास, उल्हासनगरची पाच लाखांहून अधिक. २००१ मध्ये बदलापूर एक लाखाच्याही आत होते, म्हणजे दहा वर्षांत ते पाऊणपटीने वाढले. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ वर गेली आहे. त्यामुळे मधल्या काळात उभे राहिलेले टॉवर, त्यांत राहायला आलेली कुटुंबे, त्यांची मुले, त्यांना लागणारे पाणी, हे सगळे अधिकृत मोजणीच्या बाहेर आहे. बुद्धी कितीही तल्लख असो, तिच्या हाती दिलेली वही इतकी जुनी असेल तर उत्तर त्या जुन्या शहराचे येणार.

शिवाय ही वही आम्ही लिहिलेली नाहीच. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीतून निघाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला नवे नाव मिळाले. लष्कराने जे क्रमांक घातले तेच पत्ते झाले. आजही इथला पत्ता कॅम्प नंबर, सेक्शन, बॅरेक नंबर, खोली नंबर असा सांगतात. बराक केव्हाच पडलेली असते, तिच्या जागी चार-पाच मजले उभे असतात, पण कागदावर बॅरेकचा नंबर जिवंत राहतो. एकाच नंबरात कित्येक कुटुंबे. त्यात सिंधी आडनाव एका कार्यालयात मराठी वळणाने, दुसऱ्यात इंग्रजी स्पेलिंगवरून आणि तिसऱ्यात भलतेच लिहिलेले. अंबरनाथची वही कारखान्यांनी लिहिली. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विम्कोची आगपेटी आली, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली, मग एमआयडीसी. कारखान्याच्या कुंपणाच्या आतला प्रत्येक क्वार्टर नकाशावर सापडतो. कुंपणाबाहेर बुवापाड्यात, जावसईत, कोहोजगावाच्या कडेने जे वसत गेले, ते बरेचसे नकाशाच्या मागून आले.

अशा नोंदींवर यंत्र बसवल्याने काय होते ते तेलंगणाने पाहिले आहे. तिथल्या ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी जुळवून कोण खरा गरजू आणि कोण नाही हे ठरवायला सुरुवात केली. नावे जुळवताना एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याच कोणाची मोटार चिकटली आणि त्याच्या पत्नीला रेशन नाकारले गेले. ‘आमच्याकडे मोटार नाही’ हे सिद्ध करण्यासाठी त्या बाईला कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले. राज्यात रद्द झालेल्या रेशनकार्डांची फेरपडताळणी करा, असे शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. उल्हासनगरच्या एका बॅरेक नंबरातली आठ कुटुंबे आणि त्यांची तीन-तीन प्रकारे लिहिलेली नावे डोळ्यांसमोर आणा. कॅम्प चारमध्ये हे घडायला कितीसा वेळ लागेल?

संगणकाच्या हाती शहर देण्याचा प्रयोग नवा नाही, आणि त्याची किंमत आधी कोणाला मोजावी लागते हेही माहीत नसलेले नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेने रँड या संशोधनसंस्थेबरोबर एक केंद्र उभारले. अग्निशमन केंद्रे कुठे हवीत आणि कुठली बंद करता येतील, याची प्रारूपे तिथे संगणकावर तयार झाली. बंब किती मिनिटांत पोहोचतो हे मोजणे सोपे होते, म्हणून तेच मुख्य माप ठरले. रस्त्यावरच्या रहदारीचा परिणाम नगण्य धरला गेला. महापालिका कंगाल होत होती, काटकसरीला शास्त्राचा आधार हवाच होता. सत्तरच्या दशकात साउथ ब्रॉन्क्ससारख्या, आधीच सर्वाधिक आगी लागणाऱ्या गरीब वस्त्यांतली केंद्रे बंद झाली. पुढे त्या वस्त्यांत घरांमागून घरे जळत गेली. आगींना इतरही कारणे होती. पण ज्यांची घरे जळाली त्यांना हे मापच चुकीचे आहे असे म्हणायला कुठे जागा नव्हती, कारण ते गणिताने ठरले होते.

माप कोणी निवडले, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो तंत्रज्ञांनी एकट्याने सोडवायचा नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने काही साध्या फेऱ्यांच्या जागी एसी लोकल सोडल्या, तेव्हा कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी रस्त्यावर उतरले आणि वाढवलेल्या दहा फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. एसीची तिकिटे अधिक खपत आहेत, हे खरेच होते. पण त्या वेळेची साधी गाडी गेल्यावर मागच्या गाडीला लोंबकळणाऱ्यांची नोंद तिकीटविक्रीत होत नाही. त्यांनी ती फलाटावर उभे राहून करून दिली. वेळापत्रके उद्या एआय आखू लागले तर ही तक्रार कोणाकडे न्यायची, याचे उत्तर आज ठरवून ठेवले पाहिजे.

म्हणून हे तंत्र नको, असे मात्र मी म्हणणार नाही. एका बाबतीत तर ते कालच यायला हवे होते, आणि ती बाब म्हणजे उल्हास नदी.

उल्हास राजमाचीच्या डोंगरांतून उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापुरात येते. वर धो-धो पाऊस झाला की काही तासांनी बदलापुरात पाणी चढते. इथली धोक्याची पातळी १७.५० मीटर. पावसाळ्यात हा आकडा पश्चिमेच्या लोकांना तोंडपाठ असतो. २६ जुलै २००५ विसरलेला इथे कोणी नाही. २०१९ मध्ये बरोबर त्याच तारखेच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी रात्रभर अंधारात, चारी बाजूंनी पाणी. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पथक आले, आसपासच्या गावांतले लोक धावून आले आणि सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण अशा पावसात ती गाडी पुढे का जाऊ दिली, हा प्रश्न उरतोच. वरचा पाऊस, नदीची चढती पातळी आणि रुळांची उंची या तीन गोष्टी त्या रात्री एका ठिकाणी जोडून वाचणारे कोणी असते, तर गाडी आधीच्या स्थानकातच थांबवता आली असती.

हे जोडून वाचणे यंत्राला उत्तम जमते. गुगलच्या संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ज्या नद्यांवर पातळी मोजण्याची पुरेशी साधने नाहीत, तिथेही जगभरातल्या इतर नद्यांवर शिकलेले प्रारूप मोठ्या पुराचा इशारा देऊ शकते. जुन्या जागतिक यंत्रणेचा त्याच दिवसाचा अंदाज जितका भरवशाचा असे, तितकाच याचा पाच दिवस आधीचा. पाटण्याजवळ २०१८ मध्ये याची सुरुवात झाली होती. पाच दिवस तर सोडाच, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्याच्या कुटुंबाला पाच तास नक्की मिळाले तरी फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरे आणि घरातली म्हातारी माणसे वर हलवता येतात.

मात्र नदीचा अंदाज आला म्हणजे गल्लीचा अंदाज आला असे होत नाही. १७.५० वर पाणी गेले की वालिवलीकडे आधी शिरते की हेंद्रेपाड्यात, कुठल्या नाल्याचे तोंड भराव घालून बुजवले आहे, कुठल्या सोसायटीच्या कुंपणभिंतीने पाणी वळून मागच्या चाळीत घुसते, हे उपग्रहाला दिसत नाही. ते तिथल्या माणसांना ठाऊक असते. पुराच्या पाण्याच्या खुणा कित्येक घरांच्या भिंतींवर आहेत. रंग काढला की ती खूण जाते आणि शहराच्या स्मरणातून एक नोंद पुसली जाते. या खुणा फुटपट्टीने मोजून, तारखेसह, जागेसह एका ठिकाणी लिहिल्या, तर कुठल्याही कंपनीकडे नसलेला खजिना आपल्याकडे तयार होईल. हे काम शाळा-कॉलेजांची मुले एका सुट्टीत करू शकतात. बदलापूरच्या उन्हाळ्याबाबत असे थोडे घडलेही आहे. हवामानाचा छंद असलेल्या माणसांनी घरच्या गच्चीवर उपकरणे बसवली, वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, आणि बदलापूर किती तापते हे सगळ्या महामुंबईला कळले. आधी वर्तमानपत्रांत फक्त कुलाबा आणि सांताक्रूझचे तापमान यायचे.

वालधुनीचे दुखणे याहून वेगळे आहे. काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायाशी वळसा घेणारी ही नदी अंबरनाथ-उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीला मिळेपर्यंत नाला होऊन जाते. एमआयडीसीचे सांडपाणी आणि शहरांचे मैलापाणी तिच्यात येते, आणि कित्येक वर्षे जीन्स धुण्याच्या कारखान्यांचा निळा रंगही येत होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नदीत रसायने सोडली गेली आणि वडोलगावातल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावे लागले. प्रकरणे हरित लवादापर्यंत गेली, दंडाचे आदेश निघाले. आता कोणी म्हणेल, नदीत सेन्सर बसवा, टँकरची नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवा, रात्री पाण्याचा रंग बदलला की एआय सूचना देईल. बसवावेत. पण वडोलगावाला २०१४ च्या आधीही वास येत होता आणि लोक तो सांगतही होते. इथे माहिती कमी पडली नव्हती. सांगितलेले ऐकून त्यावर काही करण्याची सक्ती कोणावर नव्हती. यंत्राने पाठवलेली सूचना त्याच टेबलावर जाणार असेल, जिथे माणसाची तक्रार पडून राहिली, तर नदीचे पाणी आहे तसेच राहील.

ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाबद्दल मी थोडेच लिहीन, कारण त्या मुली आमच्या आहेत. त्यानंतर राज्यभर शाळांत सीसीटीव्हीची सक्ती झाली. ती योग्यच आहे. पण कुटुंबे पोलीस ठाण्यात गेली होती, त्यांनी तोंडाने सांगितले होते, आणि तरीही गुन्हा नोंदवून घ्यायला कित्येक तास लागले. अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कॅमेऱ्याची बुद्धी वाढवण्याच्या चर्चेत हे तास विसरले जाऊ नयेत.

इमारतींचेही तसेच आहे. उल्हासनगरच्या तेरा चौरस किलोमीटरांत पाच लाखांवर माणसे राहतात. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने साडेआठशेवर बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. पुढच्याच वर्षी त्या नियमित करण्यासाठी राज्याने खास कायदा केला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरपासून खालपर्यंत कोसळले, दुसऱ्या दुर्घटनेत सात जण गेले. नव्वदच्या दशकात निकृष्ट रेती वापरून घाईघाईने उभ्या केलेल्या इमारतींचे हे भोग, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. आज उपग्रहाची दोन चित्रे शेजारी ठेवून नवे बांधकाम ओळखणारी एआय साधने शहरांना विकली जात आहेत. त्यांना जावसईतल्या टेकडीवर नव्याने पडलेला पत्रा लगेच दिसेल. तीस वर्षांच्या स्लॅबच्या आत गंजलेली सळई दिसणार नाही. म्हणजे अशा यंत्राची पहिली नोटीस सर्वांत गरीब घराला जाईल, आणि सर्वांत धोकादायक घर यादीबाहेर राहील. त्याच पैशांत जुन्या इमारतींची काँक्रीट-चाचणी करून, त्यांचे वय, रेतीचा काळ, गळतीच्या तक्रारी यांवरून आधी कुठली तपासायची हा क्रम यंत्राकडून लावून घेता येईल. तंत्र तेच राहील, फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलेल.

प्रश्न कोणी ठरवायचा, यावर विचार करताना मला पॅट्रिक गेडिस आठवतात. हे स्कॉटिश नगररचनाकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्याआधी त्यांनी भारतातली कित्येक शहरे पायी पालथी घातली होती. शहराला हात लावण्याआधी रोग्याची करतात तशी पाहणी करा, आणि कापाकापी कमीत कमी ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला जे केले, ते इथे सांगायलाच हवे. एका दिवसासाठी त्यांनी शहराचा कारभार मागून घेतला आणि जाहीर केले की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटांनी जाणार नाही, ज्या गल्ल्यांतली जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून दुरुस्त होतील त्या गल्ल्यांतून जाईल. लोकांनी घरे साफ केली, उंदीर पकडले, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर काढल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि पांढरेशुभ्र कपडे घालून गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते. कुठली गल्ली स्वच्छ याची यादी करायला गेडिसना हेर लागले नाहीत. शहर स्वतःच नोंद देत गेले, कारण त्या नोंदीचा उपयोग लोकांना दिसत होता.

एआयचा असा उपयोग आज शक्य आहे आणि माझी सगळी आशा तिथे आहे. आपण या तंत्राची कल्पना नेहमी नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात करतो. ते नागरिकाच्या हातात कल्पून पाहा. विकास आराखडा, पूररेषेचे नकाशे, नगरपरिषदेचे अंदाजपत्रक, निविदा, ठराव, सगळे सरकारी मराठीत किंवा इंग्रजीत, शेकडो पानांचे. कोहोजगावातल्या बचतगटातल्या बाईला ते मिळाले तरी वाचायला सवड कुठली? आता ती फोनवर मराठीत विचारू शकेल: आमच्या रस्त्याला गेल्या तीन वर्षांत किती पैसे मंजूर झाले, काम कोणाला दिले, पूर्ण झाल्याची नोंद आहे का? यंत्र ते शेकडो कागद चाळून पानाच्या क्रमांकासह उत्तर देईल, आणि ते पान तिला स्वतः उघडून पडताळता येईल. सिंधीत विचारले तर सिंधीत, हिंदीत विचारले तर हिंदीत. अट एकच, कागद उघडे असले पाहिजेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. त्या काळात आपल्या नावाने काय ठरले, हे वाचण्याचा हक्क इथल्या प्रत्येकाला आहे, आणि ते वाचून दाखवणारे साधन प्रथमच खिशात आले आहे.

या बुद्धीला वीज आणि पाणी लागते, तेही आमच्याच दारात. डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीच्या बाजूला डेटा सेंटरसाठी मोठ्या जमिनी घेतल्या गेल्या आहेत. बारवी धरणाच्या पाण्यावर आज कारखाने आणि शहरे दोघांचाही दावा आहे, त्यात हा तिसरा वाटेकरी किती पाणी मागणार, हे जमिनीच्या व्यवहाराबरोबरच जाहीर व्हायला हवे.

राहिली उत्तरदायित्वाची गोष्ट. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये एक साधी सोय सुरू केली: महापालिका जी जी एआय प्रणाली वापरते तिची सार्वजनिक नोंदवही. प्रणाली कशासाठी आहे, कुठल्या माहितीवर चालते, तिची चूक कशी तपासतात, तिच्याबद्दल कोणाला विचारायचे, हे कोणालाही वाचता येते. आपल्याकडे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शके ९८२ च्या, म्हणजे १०६० सालच्या शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणीबरोबर त्याच्या अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. काम कोणाच्या कारकिर्दीत झाले आणि तेव्हा कोण कोण जबाबदार होते, हे दगडावर लिहून दारी ठेवले होते.

अंबरनाथ नगरपरिषदेने अशी वही उघडावी, आणि उल्हासनगर महापालिकेनेही. पहिले पान मालमत्ता कराच्या सर्वेक्षणाचे असावे, कारण घराघराला भिडणारे यंत्र बहुधा तेच असेल. कोणाची प्रणाली, कुठली चित्रे, चूक झाली तर किती दिवसांत दुरुस्ती, आणि ती करणाऱ्या माणसाचे नाव, हुद्दा व बसण्याची वेळ. ही वही संकेतस्थळावर तर असावीच, शिवाय छापून प्रत्येक प्रभाग कार्यालयात दोरीने बांधून ठेवावी. शेवटची काही पाने कोरी सोडावीत. जावसईतल्या माणसाला यंत्राने आपले घर चुकीचे वाचले असे वाटले, तर ते त्याने तिथेच, आपल्या अक्षरात लिहावे, आणि त्या नोंदीला उत्तर मिळेपर्यंत त्याच्या घराची नोटीस पुढे सरकू नये.